सोवळ्यातली फ्लॉपी

आठल्यांचे मूळपुरुष दोन, बाळंभट आणि रघुनाथभट. सख्खे भाऊ. एकाने रत्नागिरीत घर बांधलं, दुसऱ्याने गुहागरात, आणि दोघांनीही मरण्यापूर्वी एक साधी गोष्ट सांगून ठेवली नाही: दोघांत थोरला कोण. आपल्यामागे लोक यावरून दोनशे वर्षं भांडतील हे त्यांना ठाऊक नसावं. किंवा ठाऊक असावं आणि म्हणूनच ते गप्प राहिले असावेत. आठल्यांचा स्वभाव पाहता दुसरी शक्यता अधिक.

दर तीन वर्षांनी कुलसंमेलन भरायचं आणि त्यात मानाचा नारळ थोरल्या शाखेने फोडायचा, असा रिवाज. थोरली शाखा ठरत नसल्यामुळे नारळ दोन आणले जात. अध्यक्षांनी 'एक, दोन, तीन' म्हटलं की रत्नागिरी आणि गुहागर एकदमच हाणत. मागच्या खेपेला गुहागरच्या आप्पा आठल्यांनी 'दोन' संपून 'तीन' सुरू व्हायच्या आत नारळ फोडला, असा रत्नागिरीचा आरोप होता. त्याबद्दल गुहागरला पाच पानी पत्र गेलं. आप्पांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, तेही अर्ध्या: "तुमचा नारळ नासका निघाला, त्यास आम्ही काय करणार?"

ते पाच पानी पत्र लिहिणारे गृहस्थ म्हणजे चिंतामणराव आठल्ये. गल्लीत त्यांना भाऊ म्हणत. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले, तोवर त्यांच्या टेबलावरून एकही कागद जावक क्रमांकाशिवाय हलला नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तान्त हाती घेतला तो त्याच शिस्तीने. अकरा वर्षं, सतरा वह्या, बाराशे चाळीस आठल्ये. मध्येच कुठेतरी एका जुन्या इनामाच्या कागदात त्यांना 'बाळंभट व रघुनाथभट' असे शब्द सापडले आणि ते त्या कचेरीतच उभ्या उभ्या नाचायचे बाकी राहिले. थोरल्याचं नाव आधी लिहितात हे शेंबडं पोरही सांगेल. बाळंभट रत्नागिरीचा. प्रश्न मिटला. उरलं एवढंच, की तो आप्पांकडून मान्य करून घ्यायचा, आणि आप्पा तर ब्रह्मदेवाचीही सही तपासून घेणारे.

म्हणून कॉम्प्युटर.

एकोणीसशे सत्याऐंशी साल नुकतंच लागलं होतं. कुलमंडळाच्या मुंबईकर सभासदांनी मंडळाला एक कॉम्प्युटर भेट दिला होता. चिंतामणरावांची पुतणी उल्का दादरला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवत असे. तिने सतरा वह्या मुंबईला नेल्या, सहा महिने खपून सगळे आठल्ये टाइप केले आणि लिहिलं, "काका, आता एक कळ दाबली की सगळे आठल्ये जन्मसालाप्रमाणे रांगेत उभे राहतात." हे वाक्य चिंतामणरावांनी तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वाचनानंतर तडक छापखाना गाठला. संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत खाली ठळक अक्षरांत ओळ आली: 'यंदा नारळ एकच. थोरली शाखा कोणती, हे सर्वांसमक्ष कॉम्प्युटर सांगेल.'

तीनशे पत्रिका गेल्या. एक गुहागरला गेली, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह.

कॉम्प्युटर घरी येऊन पडलाच होता. दिसायला तो कागदाविना टाइपरायटर. त्याला पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा. टीव्ही रंगीत होता, गल्लीतला एकमेव, आणि आता त्यावर चोवीस तास एक पांढरा ठोकळा लुकलुकत असे. पहिले दोन दिवस गल्ली तेवढंच बघायला येऊन बसली. पण आठल्यांची माहिती त्या टाइपरायटरात नव्हती. ती एका फ्लॉपीवर होती, आणि फ्लॉपी वाचायची तर ड्राइव्ह नावाची वेगळी पेटी जोडावी लागे. ही पेटी, फ्लॉपी आणि सतरा वह्या असं पार्सल उल्काने एस्टीने पाठवलं. संमेलनाला तेव्हा दहा दिवस होते.

पार्सल घेऊन चिंतामणराव जकात नाक्यावर गेले. खरं तर नाक्यावरच्या कारकुनाने "घेऊन जा हो भाऊ" म्हणून हात हलवला होता. दुसरा कोणी आनंदाने निघून गेला असता. चिंतामणराव थांबले.

"कुठल्या सदराखाली सोडताय?"

"सदर कशाला? तुमचीच पेटी ना?"

"माझी असो नाहीतर लाटसाहेबाची असो. नोंद नको?"

मग दोघांनी मिळून जकातीचं कोष्टक अथपासून इतिपर्यंत वाचलं. पेटी रेडिओत बसेना, शिवणयंत्रात बसेना, पंख्यात तर नाहीच. पाऊण तासाने ती 'किरकोळ यंत्रे, न वाजणारी' या सदरात बसली आणि मगच चिंतामणराव बसले, रिक्षात. मागे नाक्यावर नारळाच्या चार गाड्या तुंबल्या होत्या, त्यांचे ड्रायव्हर काय बोलत होते ते त्यांनी ऐकलं नाही. घरी पेटी सुरू केल्यावर ती चांगली खर्र खर्र वाजली, तेव्हा आपल्या हातून चुकीची नोंद झाली या विचाराने त्यांना दोन घास कमी गेले.

पार्सलात उल्काचं पत्र होतं. फ्लॉपी कशी जपायची ते तिने सविस्तर लिहिलं होतं. हिला बोटं लावू नका. ओल्या हातांनी घेऊ नका, तेलकट तर नकोच. धूळ लागू देऊ नका, चुलीजवळ ठेवू नका, लोखंडाच्या कपाटात चुंबकाजवळ ठेवू नका, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताळायला देऊ नका. चिंतामणरावांनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या.

"म्हणजे सोवळ्यातली आहे म्हणा की," त्या म्हणाल्या.

"अगदी तसं नाही गं..." म्हणता म्हणता चिंतामणरावांनी पत्रावर पुन्हा नजर फिरवली. अगदी तसंच होतं. लोणच्याच्या बरणीलाही याहून वेगळे नियम नव्हते. पन्नास वर्षं घरात जे पाळलं तेच शेवटी शास्त्र निघालं, याचा दोघांनाही फार आनंद झाला. फ्लॉपी ज्या कागदी पाकिटातून आली त्याला एस्टीच्या हमालापासून सगळ्यांचे हात लागलेले. ते पाकीट लगेच बाद झालं. आनंदीबाईंनी जुन्या ट्रंकेतून चिंतामणरावांचा मुंजीतला कद काढला. रेशीम कधी विटाळत नाही. त्याच्या मऊ, तलम टोकाची त्यांनी फ्लॉपीच्या मापाची चौकोनी खोळ शिवली, तिन्ही बाजूंनी बारीक टीप घातली आणि चौथीही घालून टाकली, उगाच उघडी कशाला. लेबलाची बाजू कळावी म्हणून वर जरीने 'श्री' काढला. फ्लॉपी देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यात गेली.

त्याच संध्याकाळी चिंतामणरावांनी आपल्या आयुष्यातला सर्वांत बेफिकीर निर्णय घेतला. सरकारी दप्तरात प्रत्येक कागदाला अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि ड वर्गातला कागद वर्षाने नष्ट करता येतो. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वर्षानुवर्षं सांभाळले होते, स्वतःच्या अधिकारात एकही नष्ट करायला मिळाला नव्हता. आता सगळे आठल्ये फ्लॉपीत सुखरूप होते. त्यांनी सतरा वह्यांवर तांबड्या शाईने 'ड' घातला, 'नष्ट करणेस हरकत नाही' असा शेरा मारला, खाली सही ठोकली आणि त्या कोपऱ्यावरच्या धोंडू वाण्याला पुड्या बांधायला देऊन टाकल्या. येताना ते शीळ घालत आले. आनंदीबाईंनी लग्नानंतर ती शीळ पहिल्यांदाच ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, ओलेत्याने नव्हे, कोरड्यानेच, चिंतामणरावांनी 'श्री' वर ठेवून फ्लॉपी पेटीच्या फटीत सरकवली. थोडी अडली. त्यांनी मायेने ढकलली. दांडी फिरवली, कळ दाबली. पेटी खर्र खर्र करून थांबली आणि टीव्हीवर इंग्रजीत एक ओळ आली. चिंतामणरावांनी तिचं तत्काळ कचेरीच्या मराठीत भाषांतर केलं.

"सदर ड्राइव्ह जागेवर आढळून आला नाही."

"म्हणजे?" आनंदीबाईंनी विचारलं.

"बेलिफ समन्स घेऊन जातो आणि माणूस घरात लपलेला असतो ना, तेव्हा असं लिहून देतो."

पेटी तर समोर होती. दिवाही लागला होता. त्यांनी पुन्हा कळ दाबली. आढळून आला नाही. दुपारपर्यंत त्यांनी ती कळ चाळीसदा दाबली आणि चाळीसदा कॉम्प्युटरने शेजारी बसलेल्या पेटीला ओळखायला साफ नकार दिला. तेव्हा कुठे त्यांना आठवलं की वह्या धोंडूकडे आहेत. ते धावत सुटले, धोतराचा सोगा हातात धरून, आणि हेडक्लार्क माणसाला भर बाजारातून धावताना पाहून लोकांना वाटलं कोणीतरी गेलं.

"वह्या?" धोंडू म्हणाला. "ऱ्हातायत काय भाऊ? काल बायकोनं सगळ्याच्या पुड्या केल्यान. कागद लय झ्याक तुमचा. जिऱ्याला मस्त."

अकरा वर्षं जिऱ्याला गेली होती. चिंतामणराव दुकानाच्या पायरीवर बसले. नऊ दिवसांनी तीनशे आठल्ये येणार, समोर आप्पा बसणार, आणि आपल्याकडे दाखवायला काय, तर लुकलुकणारा ठोकळा. त्या क्षणी त्यांना रडू आलं असतं, पण धोंडूने पाणी दिलं तेही गूळ घालून, मग रडायचं राहून गेलं.

बातमी गल्लीत पसरली आणि गल्लीने आठल्यांना शोधायला सुरुवात केली. आपापल्या डब्यांतून, मांडणीवरून, कोनाड्यांतून लोक पुड्या घेऊन येऊ लागले. "भाऊ, तुमचे काकाजोबा आमच्या हिंगात निघाले." "हे बघा, दोन बायका आणि पाच मुलगे, सगळे शेंगदाण्यात होते." लाल तिखटात सापडलेली सहावी पिढी वाचताना चिंतामणरावांना इतक्या शिंका आल्या की त्या पिढीतला एक चुलता कायमचा उडाला. चार दिवसांत त्रेचाळीस पुड्या जमल्या. एका गुळाच्या पुडीवर 'रघुनाथभट, जन्म' एवढं होतं, पुढचं मुंग्यांनी खाल्लं होतं.

इकडे रविवार आला. रविवारी सकाळी टीव्हीवर जे लागतं ते बघायला सारी गल्ली चिंतामणरावांकडे जमत असे, त्यात पुढच्या सतरंजीवर शेजारच्या मथुराबाई. पण तारा एकदा काढल्या तर पुन्हा कुठली कुठे लावायची, या भीतीने चिंतामणराव टीव्हीला हात लावू देईनात. मथुराबाईंनी अर्धा तास तो पांढरा ठोकळा बघितला.

"याला दृष्ट लागलीय," त्या म्हणाल्या. "एवढी तीनशे आवतणं वाटलीत आधी. काढते."

त्यांनी मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन कॉम्प्युटर, पेटी आणि चिंतामणराव अशा तिघांवरून उतरवून विस्तवात टाकल्या. मिरच्यांचा ठसका कोणालाच लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती असं ठरलं. मग मागच्या ओळीतून कुणी सुचवलं की पेटीचं तोंड दक्षिणेला आहे ते पूर्वेला करा. कुणी म्हणालं मुंबईची वीज आणि आपली वीज यांत फरक असतो, आपली खारी. चिंतामणरावांनी सगळं करून पाहिलं. माणूस एकदा बुडायला लागला की काडीची जात विचारत नाही.

सोमवारी त्यांनी सदूला बोलावलं. सदू रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने पेटी कानाला लावली, हलवली, हुंगली.

"भाऊ, पेटीत काय बिगाड नाय. तुमच्या घराला अर्थिंग नाय."

"त्याचा काय संबंध?"

"सगळा संबंध त्योच हाय. जमिनीत चार फूट खड्डा, त्यात कोळसा नि मीठ. मग बगा कशी गुमान ओळख देते."

अंगणात चार फूट खणायचं म्हणजे जांभा दगड फोडायचा. सदूने दोन दिवस कुदळ हाणली. तिसऱ्या दिवशी साडेतीन फुटांवर पाणी लागलं. चिंतामणरावांना घरात विहीर लागल्याचा आनंद झाला, तो मथुराबाई हंडा घेऊन येईपर्यंत टिकला. त्यांच्या नळाचा पाइप फुटला होता. पाइप सांधला जाईपर्यंत त्या पाणी आठल्यांकडून नेत राहिल्या आणि प्रत्येक हंड्याबरोबर टीव्ही कधी सुरू होणार हे विचारत राहिल्या. अर्थिंग घालून झालं. चिंतामणरावांनी पितळी डबा उघडला, जरीचा 'श्री' वर धरला, फ्लॉपी सरकवली, कळ दाबली. आढळून आला नाही.

गुरुवारी ते पोस्टात ट्रंककॉल लावून बसले. तीन तासांनी उल्का मिळाली.

"काका, दिवा लागतो का?"

"लागतो!"

"आवाज येतो?"

"येतो! मी न वाजणारी म्हणून लिहून दिलीय गं, पण येतो!"

"फ्लॉपी नीट बसलीय ना?"

"देवासारखी बसलीय!"

"तिला हात नाही ना लावलात कुणी?"

"अगं, हात कसला, आम्ही तिला अजून पाहिलीसुद्धा नाही!"

पलीकडे उल्का हसली. काकांना विनोदही करता येतो हे तिला नवीन होतं. ती आणखी काही विचारणार तोच तीन मिनिटं भरली. "मी रविवारी सकाळी पोचतेय" एवढं ऐकू आलं आणि लाइन गेली.

रविवारी सकाळी म्हणजे संमेलनाच्या तोंडावर. तोवर हातावर हात ठेवून बसायचं? सदूला अर्थिंग लागू न पडल्याची बोच होती. त्याने सांगितलं की त्याच्या गावच्या देवळात कौल लावून बघू. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. चिंतामणराव या गोष्टी मानत नसत. त्यामुळे ते आनंदीबाईंना 'फिरायला जातो' म्हणून सांगून गेले.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. दोष पेटीत आहे काय? डावी कळी पडली. पेटीत नाही. दोष त्या टायपाच्या यंत्रात आहे काय? पुन्हा डावी.

"मग आहे तरी कुठं?" चिंतामणराव न राहवून म्हणाले.

"आता माणूसच उरला," गुरव शांतपणे म्हणाला. "विचारू?"

"नको," चिंतामणराव म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही मेमो मिळाला नव्हता. पहिला मेमो देवाकडून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

शनिवारी आप्पा आले. दोन गाड्या आणि खाडीवरची एक होडी अशी मजल करून, काखोटीला सुपाऱ्यांची पिशवी. वयाने सत्तरीचे, अंगाने सुपारीच्या झाडासारखे, उंच आणि फांदी म्हणून कुठे नाही. चहा पिऊन त्यांनी टीव्हीसमोर खुर्ची ओढली.

"हं, चिंत्या. दाखव तुझा थोरलेपणा."

"उद्या. सर्वांसमक्ष."

"मेल्या, आज मला एकट्यास दाखवायला काय होतंय? मी येवढा आलो तो काय हा पांढरा ढेकूण बघायला?"

"यंत्राला विश्रांती दिलीय," चिंतामणराव म्हणाले आणि स्वतःच्या या उत्तरावर मनातून खूश झाले. आप्पा जन्माने भांडखोर असले तरी डोळ्यांनी चांगले होते. कोनाड्यातल्या त्रेचाळीस पुड्या त्यांनी बघितल्या, एक उचलली, वास घेतला. "तुझे पुरावे फार खमंग दिसतात," एवढंच म्हणून ते सुपारी कातरत बसले. चिंतामणरावांना वाटलं, खणलेल्या खड्ड्यात पाणी होतं तेव्हाच आपण पाय घसरून पडायला हवं होतं.

रविवारी मंगल कार्यालयात तीनशे आठल्ये जमले. टीव्ही, कॉम्प्युटर आणि पेटी हातगाडीवरून आली. मागून चिंतामणराव, हातात पितळी डबा. मध्ये पाटावर नारळ, एकच. आप्पा पहिल्या रांगेत मांडी घालून. चिंतामणरावांनी तारा जोडल्या. डबा उघडून त्यांनी जरीचा 'श्री' वर धरला आणि तेवढ्यात दारातून उल्का आली, पाठीला पिशवी, केसांत एस्टीची धूळ.

"काका, ते काय आहे?"

"फ्लॉपी."

"फ्लॉपी कुठेय?"

"ही काय. आत आहे. सोवळ्यात."

उल्काने आधी खोळीकडे पाहिलं, मग काकांकडे, मग 'श्री'कडे. मग ती खाली बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पुढच्या दोन रांगांना काय झालं ते कळायच्या आत त्याही हसायला लागल्या, आणि कारण समजल्यावर उरलेले अडीचशे. "तूच लिहिलंस ना हात लावू नका म्हणून?" आनंदीबाई म्हणत होत्या. "अहो काकू, पण कापड घातलं तर ती वाचणार कशी? माझ्या चष्म्यावर पदर टाकून मला पोथी वाचायला सांगाल का?" उल्काने केसांतली पिन काढून टीप उसवली, कद बाजूला केला आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच चिंतामणरावांनी फ्लॉपी पाहिली. काळी, साधी, काहीच नाही तिच्यात. तीनशे माणसं हसत होती आणि त्या सगळ्यांचे पूर्वज त्यांना पाठ होते, हे त्यातलं सगळ्यात वाईट होतं. भूमी दुभंगायची तर हीच वेळ होती, पण रत्नागिरीची भूमी दुभंगायला सदूचीच कुदळ लागते.

उल्काने फ्लॉपी सरकवली, कळ दाबली. खर्र, खर्र. पडद्यावर नावं धावू लागली. इंग्रजी अक्षरांत, पण आठल्येच. आपोआप टाळ्या पडल्या. चिंतामणराव पडद्याजवळ सरकले. सगळे होते. हिंगातले, जिऱ्यातले, तिखटात उडालेला चुलताही. त्यांनी कोणालाही न विचारता उल्काचा हात दाबून धरला.

"आता रांगेत लाव," ते म्हणाले.

तिने कळ दाबली. पडदा वीतभराचा, मागच्यांना काही दिसत नव्हतं. चिंतामणरावांनी वाचून दाखवायचं ठरलं होतं. ते वाकले आणि तसेच राहिले.

पहिली ओळ: रघुनाथभट, गुहागर, सतराशे अठ्ठेचाळीस. दुसरी ओळ: बाळंभट, रत्नागिरी, सतराशे एकोणपन्नास.

"हे कसं?" ते पुटपुटले.

"तुमच्याच वह्यांतून, काका," उल्का हळूच म्हणाली. "दुसऱ्या वहीत बाळंभटांचं शके सोळाशे एकाहत्तर आहे. चौदाव्या वहीत रघुनाथभटांचं इसवी सन. मी शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले."

दोन्ही सालं त्यांनीच लिहिली होती, स्वतःच्या हाताने, आठ वर्षांच्या अंतराने, आणि ती कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. वह्या नाहीत. पडदा दिसतोय फक्त दोघांना. उल्का काही बोलणार नाही. तोंडाने 'बाळंभट' म्हटलं की झालं, आणि आप्पांना काय, इंग्रजी वाचता येत नव्हतं. फार वाईट वाटलं चिंतामणरावांना, अगदी लहान पोरासारखं. पण न वाजणारी म्हणून वाजणाऱ्या पेटीची नोंद झाली, तर ज्याला दोन घास कमी जातात, त्याला हे जमण्यासारखं नव्हतं.

"थोरले रघुनाथभट," ते मोठ्याने म्हणाले. "एक वर्षाने. थोरली शाखा गुहागर."

आप्पा मांडीवरून उठले नाहीत.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

चिंतामणरावांनी पुन्हा वाचलं. मग नारळ उचलला आणि आप्पांपुढे धरला. आप्पांनी तो घेतला खरा, पण त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. सत्तर वर्षं ज्या दाराला धडका मारल्या ते दार आतून उघडंच निघावं, तसा.

"चिंत्या, नीट बघ रे. त्या साहेबी सालात काही घोटाळा असेल."

"घोटाळा नाही. मी तपासलंय."

"अरे पण..."

"आप्पा भावजी," आनंदीबाई मध्येच म्हणाल्या, "आता तुम्ही थोरले. यांची पाच पानी पत्रं आता मनावर नाही घ्यायची. थोरल्याने सगळं पोटात घालायचं असतं."

तीनशे आठल्यांनी माना हलवल्या. हे सर्वमान्य होतं. भांडायचं ते धाकट्याने, थोरल्याने फक्त हसायचं आणि 'असू दे' म्हणायचं. हा विचार आप्पांच्या डोक्यात उतरत गेला तसतसा त्यांचा चेहरा आणखी उतरत गेला. मागून कुणीतरी लगेच पुढे आला आणि बांधावरची तक्रार थोरल्यांच्या कानावर घालू लागला. आप्पा कसनुसं हसले आणि "असू दे, असू दे" म्हणाले. ते शब्द त्यांना कधी लागले नव्हते, त्यामुळे नीट निघेनात.

चिंतामणराव हे बघत होते. आधी त्यांना नुसतंच वाईट वाटत होतं. मग हळूहळू छातीवरचं काहीतरी उतरू लागलं. अकरा वर्षं ते थोरल्यासारखे वागत आले होते, पुरावे जपत, शब्द मोजत, आप्पांची पोस्टकार्डं गिळत. आता ते धाकटे होते.

आप्पांनी नारळ पाटावर आपटला. तो फुटला, पण सरळ नाही. एक भाग मोठा, एक लहान, आणि पाणी आप्पांच्याच धोतरावर.

"वाकडा फोडलात, आप्पा," चिंतामणराव खणखणीत आवाजात म्हणाले. "आमच्याकडे असा फोडत नाहीत."

आप्पांनी मान झटकन वर केली. डोळे चमकले, ओठ उघडले, आत शब्द तयार होता, चांगला धारदार, गुहागरी. मग त्यांना आठवलं. त्यांनी ओठ मिटले आणि दातांत दात धरून ते हसले.

आप्पा आठल्ये गप्प बसले. चिंतामणरावांनी जवळची खुर्ची ओढली, समोर बसले आणि ते दृश्य डोळे भरून पाहिलं.